पेठेच्या मैदानात सगळ्यांचा फुटबॉल: बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसोबत सराव, सामना आणि निधी कसा उभा करायचा

कोल्हापुरात फुटबॉलची गोडी कुणाला लावावी लागत नाही. पेठेत जन्मलेलं पोर नीट बोलायच्या आधीच पाटाकडीलचं, दिलबहारचं, बालगोपालचं नाहीतर शिवाजी तरुण मंडळाचं, म्हणजे आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाचं, झालेलं असतं. त्याच बोळात डाउन सिंड्रोम असलेला किंवा बौद्धिक वाढ मागं राहिलेला एखादा मुलगा असतो. शाहू स्टेडियमवर सामना असला की तोही भावाच्या गाडीवर मागं बसून झेंडा घेऊन जातो. गोल झाला की सगळ्यांच्या आधी उठतो. चेंडूला पाय लावायची वेळ मात्र त्याच्यावर क्वचितच येते, आणि त्याच्यासारख्या मुलींवर तर त्याहून क्वचित.

हा लेख अशा मुलामुलींना मैदानात उतरवू पाहणाऱ्या तालमींसाठी, तरुण मंडळांसाठी, विशेष शाळांच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, एक दिवस शर्यती घेतल्या, खाऊ वाटला, फोटो काढले, एवढ्यानं खेळाडू घडत नाही. आधी दर रविवारचा सराव सुरू करा. त्या सरावातून सामना उभा राहील आणि सामन्यातून पुढच्या वर्षभराच्या सरावाचा पैसा. हा क्रम उलटा केला की उत्सव होतो, खेळ होत नाही.

पहिली पायरी: खेळाडू शोधणं

विशेष शाळा हे पहिलं दार. शेंडा पार्कातल्या चेतना अपंगमती विकास संस्थेसारख्या संस्था कोल्हापुरात वर्षानुवर्षं हे काम करत आहेत. तिथले शिक्षक मुलांना नावानिशी, सवयींनिशी ओळखतात. त्यांना भेटायला जाताना हातात कार्यक्रमपत्रिका नको. ‘आमच्याकडे मैदान आहे, पोरं आहेत, रविवारी दोन तास आहेत, तुम्हाला काय सोयीचं पडेल?’ असं विचारत जा.

पण शाळेपाशी थांबू नका. विशेष शाळेचं वय साधारण अठराव्या वर्षी संपतं. त्यानंतर ज्यांना संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे मोठ्या वयाचे बौद्धिक दिव्यांग देखरेखीखाली छोटी कामं करतात तिथं, जागा मिळते ते निदान घराबाहेर पडतात. बाकीचे घरात बसतात, वजन वाढत जातं, जुने मित्र सुटतात. पंचवीस-तीस वर्षांचा असा तरुण तुमच्याच गल्लीत असेल आणि तुम्हाला त्याचं नावही ठाऊक नसेल. खरी गरज त्याला आहे. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, गल्लीतला किराणा दुकानदार, सीपीआर या सरकारी रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी खेटे घालणारे पालक, यांच्याकडून ही घरं कळतात.

स्पेशल ऑलिम्पिक्स ही चळवळ युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६८ साली शिकागोत सुरू केली. तिच्या नियमांनुसार बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आठव्या वर्षापासून स्पर्धेत उतरता येतं आणि वरच्या वयाला मर्यादा नाही. दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी खेळांचा वेगळा उपक्रम आहे. म्हणून चाळिशीतल्या माणसालाही बिनधास्त बोलवा.

घरी गेलात की आई दारातच विचारेल, ‘आमच्या ह्याला कोण घेतंय खेळायला?’ तिथं भाषण करू नका. ‘मावशी, या रविवारी तुम्हीच त्याला घेऊन या, कडेला बसा, नाही पटलं तर उठून चला,’ एवढं सांगा. पहिले काही रविवार पालक मैदानाच्या कडेला असणं चांगलंच. मुलगा कशानं बिथरतो आणि कशानं शांत होतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. आणि आईशी बोलून झालं की त्या मुलाशीही बोला. त्याला यायचं आहे का, हे त्यालाच विचारायचं असतं.

दुसरी पायरी: जोडीदार निवडणं

बौद्धिक दिव्यांग खेळाडू आणि इतर खेळाडू एकाच संघात खेळतात, त्या पद्धतीला स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये ‘युनिफाइड स्पोर्ट्स’ म्हणतात. पाच जणांच्या फुटबॉलमध्ये मैदानावर तीन दिव्यांग खेळाडू आणि दोन जोडीदार असतात, सात जणांत चार आणि तीन, अकरा जणांत सहा आणि पाच. सुरुवातीला पाचाचाच संघ करा.

जोडीदार म्हणून तालमीतला सगळ्यात भारी स्ट्रायकर आणू नका. चारांना चकवून स्वतःच गोल मारायची सवय ज्याच्या पायात भिनली आहे, तो इथं नकळत सगळा खेळ खाऊन टाकतो. वयानं आणि खेळानं जवळचा, पास देण्यात मजा वाटणारा मुलगा निवडा. आठवी-नववीतली मुलं, कॉलेजच्या पोरी, खेळाडूंचे सख्खे भाऊबहीण उत्तम जोडीदार होतात. भावंडांना तर याची फार गरज असते, कारण घरात त्यांच्या वाट्याला सांभाळणं येतं, सोबत खेळणं येत नाही.

जोडीदारांना पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगा. तुम्ही मदतनीस म्हणून आलेला नाही, खेळाडू म्हणून आला आहात. मुद्दाम हरायचं नाही; समोरच्याला ते लगेच कळतं. आणि पंचवीस वर्षांच्या माणसाशी ‘बाळा, सोन्या’ करत बोलायचं नाही. त्याला त्याच्या नावानं हाक मारा, वयानं मोठा असेल तर दादा म्हणा.

सुरक्षिततेचा एक नियम लेखी ठेवा: कुणीही स्वयंसेवक कुणाही खेळाडूसोबत एकटा राहणार नाही. स्वच्छतागृहापर्यंत, कपडे बदलताना, गाडीतून सोडताना दोन मोठी माणसं सोबत हवीत आणि मुलींसोबत बाई हवीच. अठराच्या आतल्यांना २०१२ चा पॉक्सो कायदा लागू आहेच, पण मोठ्यांच्या बाबतीतही हा नियम तितकाच कडक पाळा. काही खटकलं तर ते कुणाला सांगायचं, त्या व्यक्तीचं नाव पालकांना आणि खेळाडूंना पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. कुणी ओळखीचा आहे, चांगल्या घरचा आहे म्हणून सूट देऊ नका.

तिसरी पायरी: तब्येतीची वही

या पायरीवर घाई नको. प्रत्येक खेळाडूचं एक पान करा: नाव, वय, पालकांचे दोन फोन, रक्तगट, चालू औषधं, फिट येते का, हृदयाचा दोष आहे का, ऐकू-दिसण्याची अडचण, कशाची भीती वाटते, राग आला तर काय केल्यानं शांत होतो. खेळायला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र त्याला जोडा. ही वही दर रविवारी मैदानावर असली पाहिजे, कुणाच्या घरच्या कपाटात नको. त्यातली माहिती मात्र प्रशिक्षक आणि प्रथमोपचार पाहणाऱ्यापुरतीच ठेवा.

डाउन सिंड्रोमबद्दल दोन गोष्टी प्रत्येक प्रशिक्षकाला माहीत हव्यात. पहिली, अशा मुलांपैकी ४० ते ५० टक्क्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. काहींची शस्त्रक्रिया झालेली असते, काहींची राहून गेलेली असते. दुसरी, त्यांच्यापैकी काहींच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. मानेला जोराचा झटका बसला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून आमच्या मैदानावर हेडिंग बंद. चेंडू उंच आला तर छातीवर घ्या नाहीतर खाली पडू द्या. कोलांट्याउड्या, उंच उडी, सूर मारून पाण्यात उडी हेही टाळा. मान दुखणं, मान एका बाजूला कलणं, चालण्यात अचानक फरक, हातापायातली ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांतलं काहीही दिसलं तर त्या दिवशी खेळ थांबवून डॉक्टरांकडे पाठवायचं.

बौद्धिक दिव्यांगांमध्ये अपस्मार, म्हणजे फिट येणं, इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं. मैदानावर कुणाला फिट आली तर घड्याळ बघा, आजूबाजूची टणक वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा आणि झटके ओसरले की त्याला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, रुमाल, बोट काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा हुंगवायचा, चप्पल नाकाशी धरायची, हे अजूनही आपल्याकडे सर्रास होतं. त्यानं काही उपयोग होत नाही, उलट श्वास अडतो. झटके पाच मिनिटांहून जास्त चालले, एकामागून दुसरी फिट आली किंवा ती व्यक्ती शुद्धीवर येईना, तर १०८ ला फोन करा. गर्दी हटवायला एक खमका माणूस ठेवा, कोल्हापुरात गर्दी जमायला वेळ लागत नाही.

फिटच्या आणि वर्तनासाठीच्या काही औषधांनी ऊन सहन होत नाही, तहान लागल्याचं सांगताही येत नाही. म्हणून तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी सगळ्यांनी पाणी प्यायचं, प्रशिक्षकानंसुद्धा.

चौथी पायरी: रविवारचा सराव

वेळ सकाळी साडेसात ते नऊ. दर आठवड्याला तीच वेळ, तीच जागा, तोच क्रम. ज्याला वेळेचा अंदाज बांधणं अवघड जातं, त्याला ठरलेल्या क्रमाचा फार मोठा आधार असतो. आम्ही क्रमाची चित्रं काढून कुंपणाला अडकवतो: बूट, धावणं, चेंडू, सामना, केळं. एक झालं की ते चित्र खेळाडूच काढतो.

पहिली पंधरा मिनिटं अंग मोकळं करण्याची. इथं लेझीम वापरा. आपल्याकडच्या प्रत्येक शाळेत लेझमा पडून असतात. ठेक्यावर पाऊल टाकणं, वळणं, खाली बसून उठणं यातून तोल आणि लय दोन्ही सुधारतात, आणि आई-मावश्याही आपसूक रांगेत येतात. हलगी मात्र पहिल्या दिवशी नको. स्वमग्न मुलांना अचानक आलेला मोठा आवाज अक्षरशः दुखतो. आधी टाळ्यांचा ठेका, मग लांबून हलकी हलगी, असं दोन-तीन महिन्यांत जवळ आणा. शिट्टीऐवजी रंगीत झेंडा दाखवलात तरी सामना उत्तम चालतो.

पुढची तीस मिनिटं एकाच कौशल्याची. एका रविवारी फक्त चेंडू थांबवणं, पुढच्या रविवारी फक्त पास. ‘पाय उघड, चेंडूकडे बघ, मग त्याला दे आणि पुढं पळ’ या एका वाक्यात चार सूचना आहेत, त्यातली एकही पोहोचत नाही. ‘चेंडू थांबव’ एवढंच सांगा, स्वतः करून दाखवा, मग मनात दहा अंक मोजा. उत्तर यायला वेळ लागतो. तेवढ्यात दुसरी सूचना दिलीत की पहिलीही विसरली जाते. डावा-उजवा सांगण्याऐवजी एका बुटाला लाल फीत बांधा: ‘लाल पायानं मार.’ ‘डिफेंडरला चकव’ म्हणण्याऐवजी जमिनीवर फक्कीनं रेघ मारा आणि ‘रेघेच्या पलीकडं ने’ म्हणा.

मग वीस मिनिटं छोटा सामना, आणि शेवटी गोलाकार बसणं, केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की, आणि आज कुणी काय चांगलं केलं ते नाव घेऊन सांगणं. ‘छान खेळलास’ पुरेसं नाही. ‘तू आज स्वतःहून पास दिलास’ असं नेमकं सांगा. मैदानाच्या एका कोपऱ्यात झाडाखाली सतरंजी टाकून शांत जागा ठेवा. गोंगाट असह्य झाला की खेळाडूनं तिथं जावं, कुणी जाब विचारू नये, आणि वाटेल तेव्हा परत यावं.

ज्यांना धावता येत नाही किंवा चेंडूच्या मागं जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी बोची घ्या. साठ फूट लांब, बारा फूट रुंद पट्टी, एक छोटा चेंडू आणि त्याच्या जवळात जवळ आपला चेंडू टाकायचा. गोट्या खेळलेल्या कुणालाही ते अर्ध्या मिनिटात समजतं. चाकाच्या खुर्चीतून खेळता येतं, आजोबाही जोडीदार होऊ शकतात. शिवाय २५ मीटर चालणं, ५० मीटर धावणं, जागेवरून लांब उडी, चेंडूफेक हे सगळं आहेच. आधी पालकांनी ‘ह्याला काय जमतंय’ म्हटलेला मुलगा बोचीत तालमीच्या पोरांना हरवताना मी पाहिलाय. त्या आईचा पुढच्या रविवारचा चेहरा वेगळा असतो.

पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं होतं आणि बाकी मैदानांचीही गत फारशी निराळी नसते. जून ते सप्टेंबर चार महिने सराव बंद पडला तर सगळी घडी विस्कटते. शाळेचा हॉल, तालमीचा माडीवरचा मजला, लग्नसराई नसलेल्या महिन्यांत रिकामं मंगल कार्यालय यांच्याशी मे महिन्यातच बोलून ठेवा. आत बोची, लेझीम, टेबल टेनिस होतं.

पाचवी पायरी: बरोबरीच्या गटात सामना

निदान चार महिने सराव झाल्यावर सामन्याचा विचार करा. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मधला काळ हवेच्या दृष्टीनं उत्तम. शाहू स्टेडियमवरच्या केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) सामन्यांच्या तारखा बघून दिवस धरा, नाहीतर प्रेक्षकही तिकडे आणि पंचही तिकडे.

इथं पहिली गोष्ट म्हणजे गट पाडणं. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये वय, स्त्री-पुरुष आणि कौशल्य पाहून खेळाडूंचे तीन ते आठ जणांचे किंवा संघांचे गट करतात. आधी सरावात सगळ्यांच्या वेळा घ्या. समजा ५० मीटरला काही जणांना ११, १२, १३ सेकंद लागले आणि काही जणांना १९, २१, २२. हे सहा जण एकत्र पळवलेत तर निकाल शर्यत सुटण्याआधीच ठरलेला. दोन गट केलेत तर दोन्हीकडे चुरस होते. आणि चुरस हवीच. ‘सगळेच जिंकले’ असं सांगून सगळ्यांना एकच पदक देऊ नका. पहिला तो पहिला. पहिल्या तिघांना पदक, त्यापुढच्यांना क्रमांकाची फीत, आणि प्रत्येकाला पायरीवर उभं करून नाव पुकारणं. हरल्यावर रडू येणं हाही खेळाचाच भाग आहे, तो कुणाकडून हिरावून घेऊ नका.

पाचाच्या फुटबॉलला ४० बाय ३० मीटरची जागा पुरते आणि चार मीटर रुंद, दोन मीटर उंच गोलपोस्ट चालतात. उद्यमनगरातला कुणीही वेल्डिंगवाला पाइपांच्या चार हलवता येण्याजोग्या गोलपोस्ट करून देईल. मात्र त्या मागून वाळूच्या पोत्यांनी पक्क्या दाबा. गोलपोस्ट अंगावर उलटून होणारे अपघात गंभीर असतात. एखादा जोडीदार सगळेच गोल मारू लागला तर पंचांनी खेळ थांबवून कर्णधाराला समज द्यायची, हा नियम आधीच सगळ्या संघांना सांगा.

पुढं राज्य-राष्ट्रीय पातळीवर जायचं असेल तर स्पेशल ऑलिम्पिक्स भारतकडे खेळाडूची नोंदणी आणि वैद्यकीय अर्ज लागतो. ही केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाची मान्यता असलेली राष्ट्रीय संघटना आहे. नोंदणी शाळेमार्फत करणं सोपं जातं. त्यांच्या आरोग्य शिबिरात डोळे, दात, कान, पाय मोफत तपासतात. चष्म्याचा नंबर कधीच न तपासल्यामुळे चेंडू चुकत होता, असं तिथं उघडकीला येतं.

सहावी पायरी: पैसा

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं. त्या लोकांनी कुणाची कीव केली नव्हती, खेळाडूवर पैसा लावला होता. निधी मागायला निघताना आपली मान तशीच ताठ असू द्या.

आधी अंदाजपत्रक करा. उदाहरणादाखल २४ खेळाडू आणि वर्षातले ४० रविवार धरा. चेंडू ५,६००, कोन आणि रंगीत जाळीचे शर्ट ६,०००, प्रत्येकी ९०० चे बूट म्हणजे २१,६००, प्रशिक्षकाचं मानधन दर रविवारी ८०० प्रमाणे ३२,०००, ने-आण करायला वाहन १,५०० प्रमाणे ६०,०००, खाऊ ६०० प्रमाणे २४,००० आणि प्रथमोपचार ५,०००. एकूण १,५४,२०० रुपये. म्हणजे एका खेळाडूचा एक रविवार साधारण १६० रुपयांना पडतो. दर तुमच्या भागाप्रमाणे बदला, पण हा शेवटचा आकडा काढाच. ‘दिव्यांगांसाठी मदत करा’ म्हणण्यापेक्षा ‘एका खेळाडूचा एक रविवार १६० रुपये’ म्हटलं की देणाऱ्याला कळतं आपण काय घेऊन दिलं. चहा-मिसळीला तेवढे सहज जातात. यात सगळ्यात मोठा खर्च वाहनाचा आहे, हेही दिसतं. कुणी रविवारी रिकामी उभी असलेली शाळेची गाडी दिली तर एका झटक्यात साठ हजार वाचतात.

परवानगीशिवाय एक रुपयाही गोळा करू नका. नोंदणी असलेल्या विशेष शाळेच्या किंवा ट्रस्टच्या खात्यात आणि त्यांच्याच पावतीवर पैसे घेणं सगळ्यात सरळ. मंडळाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाकडून परवानगी घ्या. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी घेतात तीच ही, त्यामुळे तुमच्या मंडळात कुणाला तरी ती वाट पाठ असेल. नंतर हिशोबही तिथं द्यावा लागतो. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा, कार्यकर्त्याच्या मोबाइल नंबरचा कधीही नको, तो कितीही विश्वासू असला तरी.

देणगीदार हमखास विचारतात त्या करसवलतीचं थोडक्यात: संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची (८०जी) मान्यता असेल तर जुन्या करप्रणालीतल्या देणगीदाराला सवलत मिळते. दोन हजारांवरची देणगी रोख दिली तर मिळत नाही. संस्थेनं नंतर देणगीचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. परदेशातल्या नातेवाइकांपैकी ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे ते आपल्या बचतीतून देऊ शकतात. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांची देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. तिकिटं विकून लकी ड्रॉ काढायची कल्पना कुणीतरी मांडतोच. सोडून द्या, विनापरवाना सोडत कायद्यात बसत नाही.

आता मागायचं कुणाकडं? माझ्या मते पहिला हक्क पेठेचा. पाच-सहा तालमींनी एकेक मिश्र संघ उतरवायचा आणि प्रत्येक तालमीनं आपल्या संघासाठी १६० रुपयांची ‘एक रविवार’ कार्डं खपवायची. कोल्हापुरात पेठेच्या इरेपुढं काहीही होतं, ती ईर एकदा या कामाला जुंपा. कुठल्या तालमीची किती कार्डं गेली ते रोज तालमीच्या फळ्यावर लिहा. रंकाळ्यावर पहाटे फिरायला येणारी मंडळी दुसरी. त्यांच्यासोबत खेळाडूंची एक फेरी ठेवा आणि प्रत्येकानं आपल्या फेरीमागं एक कार्ड घ्यायचं. पोलिसांना आधी कळवा. पोलिसांना चालायलाही बोलवा. अमेरिकेत १९८१ पासून पोलीस स्वतः मशाल घेऊन धावतात आणि स्पेशल ऑलिम्पिक्ससाठी निधी जमवतात. आपल्या पोलिसांना ती गोष्ट सांगितली तर हुरूप येईल.

दूध संस्था आणि पतसंस्था नफ्यातून धर्मादाय निधी बाजूला ठेवतात. त्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात, म्हणून अर्ज जून-जुलैतच द्या. ग्रामपंचायती, नगरपालिका, महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. क्रीडा साहित्यासाठी लेखी मागणी करा, पोच घ्या आणि पाठपुरावा सोडू नका. तुमची संस्था देणगी मागत नाही, ठरलेला पैसा ठरलेल्या कामाला लावायला सांगते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल भागातल्या ज्या कंपन्यांचा निव्वळ नफा वर्षाला पाच कोटींवर आहे, त्यांना सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या नियमाखाली, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावा लागतो. तिथं जाताना संस्थेची सीएसआर-१ नोंदणी झालेली हवी. लहान कारखानदाराकडे पैसा मागू नका, वस्तू मागा: गोलपोस्ट, टी-शर्ट, पाण्याच्या टाक्या.

आणि एक गोष्ट कधीही करू नका: खेळाडूंच्या हातात डबा देऊन त्यांना सिग्नलवर किंवा महाद्वार रोडवर उभं करू नका. मैदानावर स्टॉल लावा. कार्यशाळेतल्या तरुणांनी केलेल्या पणत्या, कागदी पिशव्या, मेणबत्त्या तिथं ठेवा आणि बाजारभावानंच विका. वस्तू चांगली असली पाहिजे. कीव येऊन घेतलेली पणती घरी कुणी लावत नाही.

सातवी पायरी: सामन्याचा दिवस

सत्काराला मिळून दहा मिनिटं, भाषण एकाचंच, आणि ते एखाद्या खेळाडूनं केलं तर सगळ्यांत चांगलं. आमदार-नगरसेवकांना बोलवा, पण त्यांनी खाली उतरून बोची खेळायची. डिजिटल फलकावर खेळाडू खेळतानाचे फोटो लावा. त्यासाठी पालकांची लेखी आणि खेळाडूची तोंडी परवानगी आधी घ्या. निवेदकाला सांगून ठेवा: ‘बिचारी मुलं’, ‘देवाघरची फुलं’ असलं काही बोलायचं नाही. पाटाकडील-दिलबहार सामन्याचं जसं वर्णन करशील तसंच कर. डीजे नको. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची, आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी लेखी हवी. सावली, पाणी, खुर्चीसकट आत जाता येईल असं स्वच्छतागृह, रुग्णवाहिका आणि शांत कोपरा तपासल्याशिवाय फाटक उघडू नका. प्रत्येक खेळाडूच्या मनगटावर पालकांचा नंबर लिहिलेली पट्टी बांधा. साडेअकराच्या आत सगळं आटपा, ऊन चढतं.

आठवी पायरी: सोमवारपासून

त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून रोकड मोजायची, तिसऱ्यानं पावत्यांशी ताडून बघायची, आणि सोमवारी बँकेत भरायची. आठ दिवसांत हिशोब तालमीच्या फळ्यावर: जमा किती, खर्च किती, किती रविवारांची सोय झाली. १६० रुपये देणाऱ्यालाही संदेश पाठवा आणि सरावाला बघायला बोलवा. एकदा बघून गेलेला माणूस पुढच्या वर्षी दोन कार्डं घेतो, आणि कधीकधी बूट घालून मैदानातच उतरतो.

महिन्याभरात खेळाडू, पालक आणि जोडीदारांना एकत्र बसवून विचारा: काय आवडलं, कशाचा त्रास झाला, पुढच्या वेळी कोणता खेळ हवा. बोलता न येणाऱ्यांसमोर खेळांची चित्रं ठेवा, ते बोट ठेवतील. दोन-तीन खेळाडूंना पुढच्या वर्षीच्या समितीत घ्या. एकाकडे साहित्याची किल्ली, एकाकडे हजेरी, एकाकडे पाण्याची वेळ. आणि सामन्यानंतरच्या पहिल्याच रविवारी साडेसातला सराव ठेवा, सगळे कितीही दमलेले असले तरी.